१८८५ ची सर्कस, तुटलेला झुला: घातपात ओळखायचा कसा?

जुनापुराणा: रहस्यकथा लिहितोय. १८८५, मुंबईतला तंबू. झुल्याचा दोर तुटतो. अपघात नाही, हे पोलिसांआधी कसरतपटूंना कळायला हवं. कशावरून?

पीळदार: तुटलेलं टोक बघायला लावा. झिजून तुटलेल्या दोराचे तंतू कमी-जास्त लांबीचे, पिंजलेले असतात. सुरीने कापलेले एका पातळीत. सराईत माणूस पीळ उलगडून तीनपैकी दोन लड्या कापेल आणि पीळ परत बसवेल. तिसरी वजनाने तुटेल. म्हणजे दोन टोकं सपाट, एक झुपकेदार! तेजाब वापरलं असेल तर तंतू चिमटीत चुरगळतात.

तंबूवाला: वेळ ठरवायला पाऊस वापरा. सणाचा दोर भिजला की आखडतो, वाळला की सैलावतो, म्हणून ताण खेळाआधी तपासतातच. कापाकापी त्या तपासणीनंतरचीच. संशयित आपोआप चार-पाच उरतात.

जुनापुराणा: झकास. बोटांचे ठसे घेऊ का?

पीळदार: मुळीच नको. कलकत्त्याचा ठसे विभाग १८९७ चा. बाकी काळ जमतो, विष्णुपंत छत्र्यांची ग्रेट इंडियन सर्कस १८८० पासूनची. रिंगण मात्र ४२ फूट व्यासाचंच ठेवा. घोड्याच्या पाठीवर उभं राहायला तेवढंच वळण सोयीचं. आणि भुशातले पाऊलठसे विसरा, घोड्यांच्या एका फेरीत ते पुसले जातात.