अनुभव धागा : मेडिकल स्कूलच्या अर्जासाठी शिफारसपत्र कोणाकडे मागावे?

नमस्कार. आमच्या वेळी महाराष्ट्रात एमबीबीएसचा प्रवेश गुणांवर ठरत असे, त्यामुळे अमेरिकेत वाढलेल्या आमच्या मुलीने मेडिकल स्कूलला अर्ज करायचे ठरवले, तेव्हा शिफारसपत्र हा प्रकार आम्हा दोघांनाही नवा होता. अनेक मेडिकल स्कूल्स विज्ञान शिकवणाऱ्या दोन आणि विज्ञानेतर विषयाच्या एका प्राध्यापकाचे पत्र मागतात; काही कॉलेजांत प्री-मेड समितीच (मेडिकल स्कूलला अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारी समिती) सर्वांच्या वतीने एक एकत्रित पत्र पाठवते. मुलीच्या कॉलेजात अशी समिती नव्हती.

आमच्या परिचयातील एक नामवंत हृदयरोगतज्ज्ञ तिला लहानपणापासून ओळखतात, म्हणून त्यांचे पत्र घ्यावे असा यजमानांचा आग्रह होता. मुलीने शांतपणे विचारले, "काका काय लिहितील? दिवाळीला मी त्यांच्याकडे करंज्या वाढते, हे?" त्यांच्याबरोबर तिने जेमतेम चार दिवस शॅडोइंग केले होते, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचे काम नुसते पाहिले होते. तिने पत्र मागितले ते ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांकडे, ज्यांच्या विषयात पहिल्या सत्रात तिला बी प्लस मिळाला होता. आम्हाला हा शुद्ध वेडेपणा वाटला. पुढे एका मुलाखतीत तिला विचारण्यात आले, "चुकलेली प्रत्येक अभिक्रिया पुन्हा सोडवून सरांच्या खोलीत घेऊन जाणारी तूच का?" तेव्हा पत्रात काय होते ते आम्हाला पहिल्यांदा कळले. काकांना काय सांगायचे, हा प्रश्न मात्र आम्हाला बरेच दिवस छळत होता. आपले अनुभवही जरूर लिहावेत.

•

ताई, माझा अनुभव अमेरिकेतील रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टर झाल्यानंतर रुग्णालयात घ्यायच्या प्रशिक्षणाच्या, अर्जाचा आहे. महाराष्ट्रातील एका शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर मी विभागप्रमुखांकडे पत्र मागितले. "लिहून आण, सही करतो," असे त्यांनी मान वर न करता सांगितले, आणि इतर दोघांनीही तेच सांगितले. परिणामी तिन्ही पत्रे मीच लिहिली आणि तिन्हींत मी 'कष्टाळू, प्रामाणिक आणि नम्र' होतो. यात सरांचा दोष मी मानत नाही, कारण ओपीडीतील गर्दी उरकताना त्यांना कोणत्या इंटर्नचे काय लक्षात राहणार? परंतु तीन वेगळ्या माणसांची पत्रे एकाच हाताची आहेत, हे वाचणाऱ्याला कळतेच. त्या वर्षी मला एकाही ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले नाही.

पुढील वर्षी अमेरिकेतील एका रुग्णालयात महिनाभर काम केले. तेथील डॉक्टर वयाने तरुण होत्या आणि त्यांचे नावही फारसे कोणाला ठाऊक नव्हते, पण त्या रोज सकाळी माझे केस प्रेझेंटेशन ऐकत आणि दुरुस्त करत. एका रेसिडेन्सी कार्यक्रमाच्या अर्जाला जास्तीत जास्त चार पत्रे जोडता येतात. त्यांतले पहिले मी त्यांचे ठेवले. यूएसएमएलई या अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे कळवले जातात, त्यामुळे पत्रे अधिक बारकाईने वाचली जात असावीत, असे मला मुलाखतींत जाणवले.

•

एक छोटी भर. अमेरिकेतील १९७४ च्या शैक्षणिक नोंदींविषयीच्या कायद्याने आपल्याबद्दलचे पत्र पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे, पण अर्ज करताना तो सोडून देण्याची पद्धत आहे, कारण गुप्त पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास अधिक बसतो. माझ्या आईला हे अजूनही पटलेले नाही.

•

मी पत्रे लिहिणाऱ्यांपैकी आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठात जीवशास्त्र शिकवते. तीनशे जणांच्या वर्गात ए मिळवलेला विद्यार्थी पत्र मागतो, तेव्हा त्याची गुणपत्रिका सांगते त्यापलीकडे माझ्याजवळ एक वाक्यही नसते. म्हणून "पत्र द्याल का?" असे न विचारता "माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिता येईल इतके तुम्ही मला ओळखता का?" असे विचारावे, म्हणजे आम्हालाही नाही म्हणता येते. मी एकदा असा नकार दिला तेव्हा विद्यार्थी दुखावला गेला. मी त्याला प्रयोगशाळेतील सहायक शिक्षिकेकडे पाठवले. तिने मसुदा केला, मी त्यात भर घातली आणि दोघींनी सही केली.

•

माणूस योग्य निवडला तरी तो वेळेवर लिहील, असे गृहीत धरू नये. माझ्या मुलाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना तो मनापासून आवडत असे; त्यांनी मे महिन्यात होकार दिला आणि उन्हाळ्यात ते प्रवासाला गेले. मुख्य अर्ज पत्रांवाचून पुढे सरकतो, परंतु मेडिकल स्कूल्स बहुधा पत्रे येईपर्यंत फाइल पूर्ण झाल्याचे मानत नाहीत. आठवणीचा ईमेल पाठवणे उद्धटपणाचे दिसेल, म्हणून आम्हीच त्याला थांबवत राहिलो. सप्टेंबरच्या अखेरीस पत्र आले. त्यावर विद्यापीठाचे लेटरहेड नव्हते, म्हणून ते पुन्हा मागवावे लागले.