थर १ च्या खाली नवा कोळसा लागला, तर क्रमांक बदलायचे का?

बोअरलॉग: वर्धा खोऱ्यातल्या एका ब्लॉकच्या थरनोंदी पुन्हा बसवायच्या आहेत. जुन्या अहवालात बराकारमधल्या (गोंडवना खडकांतलं मुख्य कोळशाचं फॉर्मेशन, म्हणजे खडकगट) कोळशाच्या थरांना खालून वर १ ते ४ क्रमांक आहेत. नव्या तीन बोअरहोलमध्ये थर १ च्या ९ मीटर खाली १.६ मीटर कोळसा लागला. पूर्वेकडे थर ३ फुटतो, मधला शेल (चिखलाचा पापुद्री खडक) ०.४ पासून २.७ मीटरपर्यंत जातो. शेजारच्या ब्लॉकने वरून खाली क्रमांक दिलेत. सगळेच नव्याने द्यावेत का? आणि खालचा थर करहरबारीत, म्हणजे बराकारखालच्या जुन्या गटात टाकावा, असं एकाचं मत आहे.

गोंडवनी: क्रमांक हलवू नका. साठ्याचा हिशेब तर बिघडतोच, पण खरा धोका जुन्या कामांचा आहे. पाणी भरलेल्या जुन्या गॅलऱ्यांच्या नकाशावर 'थर २' असेल आणि तुमच्या यादीत तोच थर ३ झाला, तर सुरक्षिततेचा बॅरियर (पाणी अडवायला न खणता सोडलेला पट्टा) भलत्याच थरात मोजला जाईल.

झारखंडातल्या झरियात बराकारचे थर खालून वर १ ते १८ आहेत. जिथे दोन एकत्र येतात तिथे ९/१० असं लिहितात. तेलंगणातल्या रामगुंडमला उलट, वरून खाली: १अ, १, २, ३ब, ३अ, ३, ४. म्हणजे तिथेही जादा थरांना अक्षरं लावली, जुने आकडे तसेच ठेवले. तुमच्या नव्या थराला 'स्थानिक थर ल-१' म्हणा. आधी जुनी बोअरहोल कुठे थांबवली ते तपासा. कोळशाच्या थरांखालच्या हिरवट तालचीर शेलपर्यंत न जाता थर १ खालीच बंद केली असतील, तर तिथे थर 'नाही' असं म्हणता येत नाही, तो 'पाहिलेला नाही'.

हा थर १ च फॉल्टमुळे (खडक तुटून सरकल्यामुळे) दुसऱ्यांदा आला असेल, अशी शंका कुणी काढेल. गोंडवनातले फॉल्ट बहुतेक नॉर्मल, म्हणजे तुटीच्या वरची बाजू खाली घसरलेले असतात. उभ्या बोअरमध्ये नॉर्मल फॉल्ट थर गाळतो, दुसऱ्यांदा दाखवत नाही.

कोअरबॉक्स: फाटलेल्या थराबद्दल. आपल्याकडे १ मीटरपर्यंतचा दगडी पट्टा थराच्या जाडीत धरतात. म्हणून पार्टिंग (हा मधला दगडी पट्टा) १ मीटरला पोचतं तिथे नकाशावर रेषा ओढा. पलीकडे '३ वरचा' आणि '३ खालचा'. इथे अ, ब लावू नका, अक्षरं जादा थरांसाठी राखून ठेवा.

छेद जुळवताना संदर्भपातळी म्हणून न फुटलेला थर घ्या. थर ३ चं छत सपाट धरलंत, तर पूर्वेकडे खालचे सगळे थर उगाच वाकलेले दिसतील. खोली कोअरवरून (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या नळीवरून) नको, लॉगवरून (बोअरमध्ये उपकरण सोडून घेतलेल्या नोंदीवरून) घ्या, कारण कोळशाचा कोअर चुरतो. नुसत्या गॅमावर (खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराच्या लॉगवर) भागत नाही: वाळूखडकही कमी गॅमा दाखवतो, कोळसा ओळखू येतो तो घनतेच्या घसरणीवरून.

गोंडवनी: करहरबारीचं राहिलं. गिरिडीह भागात तो गट मुख्यतः वनस्पती-जीवाश्मांवरून वेगळा काढला गेला. खडक पाहिला तर बराकारसारखाच. फॉर्मेशन ठरतं ते नकाशावर दाखवता येईल अशा खडकाच्या फरकावर. बीजाणूंवरून वय जुनं निघालं तर वयाच्या रकान्यात लिहा, फॉर्मेशन बराकारच राहू द्या. शेजारच्या ब्लॉकसाठी तुलनातक्ता करा: त्यांचा क्रमांक, तुमचा क्रमांक, ज्या बोअरहोलवरून जुळवलं त्याचा नंबर, छत आणि तळाची खोली. जिथे पुरावा एकाच बोअरचा असेल, तिथे प्रश्नचिन्ह ठेवा.