स्तोत्रसंहितेतली ‘जीभ’: निंदा, चहाडी, आळ की कुभांड?

प्रश्न

बायबलातल्या स्तोत्रसंहितेत, स्तोत्र ६४ मध्ये, दुष्ट लोक जिभेला तलवारीसारखी धार लावतात आणि आडोशाला बसून ‘निर्दोष’ माणसावर शब्दांचे बाण सोडतात. माझ्या दोन शंका आहेत. मूळ हिब्रूत ‘निर्दोष’च्या जागी कोणता शब्द आहे, आणि तो निष्पाप, निरपराध, निरागस यांपैकी कशाच्या जवळ जातो? दुसरी शंका अशी की, जिभेच्या या गुन्ह्याला सगळीकडे ‘निंदा’ म्हटलं तर चालेल का?

कोशवाचक

आधी वचनांचे आकडे जुळवून घ्या, नाहीतर शोधताना गोंधळ उडेल. हिब्रू प्रतीत स्तोत्राच्या माथ्यावरची ओळ बहुतेक वेळा पहिलं वचन म्हणून मोजतात, मराठी प्रतीत मोजत नाहीत. म्हणून मराठीतलं ६४:३-४ हिब्रूत ६४:४-५ होतं. स्तोत्र ५२ चा मथळा दोन वचनांएवढा लांब, तिथं फरक दोनाचा. १५, १०१, १२० या स्तोत्रांत मथळा पहिल्या वचनातच मिसळलेला असल्यानं फरकच पडत नाही. खाली सगळे आकडे मराठी प्रतीचे देतो. उच्चारांचं म्हणाल तर घशातल्या हिब्रू वर्णासाठी ‘ख’ लिहितो, तो अंदाजे.

६४:४ मधला शब्द आहे ‘ताम’. धातू त-म-म, म्हणजे पुरं होणं, तुटफूट नसणं. याच घराण्यातला ‘तामीम’ हा शब्द यज्ञाच्या जनावराला लागतो. तिथं आपला नेमका शब्द ‘अव्यंग’. माणसाला लागला की ‘ताम’चा अर्थ होतो आतबाहेर एक असलेला, सरळमार्गी. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ पुस्तकात, २५:२७ मध्ये, दोघा भावांपैकी एसाव रानोमाळ हिंडणारा शिकारी आणि याकोब ‘ईश ताम’, म्हणजे ताम माणूस, आहे. याकोबाला तिथं ‘निष्पाप’ म्हणवत नाही, कारण पुढं दोनच प्रकरणांत तो आंधळ्या बापाला फसवतो. ‘सालस’ चालेल.

दुसरा शब्द ‘नाकी’. तो १०:८, १५:५, ९४:२१ मध्ये येतो. आजच्या हिब्रूत नाकी म्हणजे स्वच्छ. पण जुना अर्थ ‘मोकळा, ज्याच्याकडं काही येणं निघत नाही असा’. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (हेही बायबलातलंच), २४:५ मध्ये, नवं लग्न झालेला पुरुष वर्षभर लष्करी चाकरीतून ‘नाकी’ असतो, म्हणजे त्याला माफी असते. उत्पत्ती २४:४१ मध्ये नोकर शपथेतून ‘नाकी’ होतो. ‘कर्ज बेबाक केलं’ यातला जुना मराठी ‘बेबाक’ याच्या अगदी शेजारी बसतो. दुर्दैवानं हिंदीच्या संगतीनं त्याचा अर्थ आता ‘फटकळ’ होऊन बसलाय.

थोडक्यात, नाकी हा कचेरीतला शब्द आणि ताम हा स्वभावाचा. नाकीला ‘निरपराध’, तामला ‘सरळमार्गी’. ‘निरागस’ लहान मुलासाठी राहू द्या.

प्रश्नकर्ता

पण ‘निष्पाप’ एवढा सर्रास चालतो, त्याचं काय चुकलं?

कोशवाचक

कवी स्वतःच तो दावा करत नाही. स्तोत्र ६९ ची दोन वचनं लागोपाठ वाचा. चौथ्यात म्हणतो, माझे विनाकारण वैरी माझ्या डोक्यावरच्या केसांपेक्षा जास्त आहेत. जे मी लुबाडलंच नाही ते मला भरून द्यावं लागतंय. लगेच पाचव्यात, देवा, माझा मूर्खपणा तुला ठाऊक आहे, माझे अपराध तुझ्यापासून लपलेले नाहीत. स्तोत्र ४१ मध्येही तेच. चौथ्या वचनात ‘मी तुझ्याविरुद्ध पाप केलं’ अशी कबुली आणि पाचव्यापासून शत्रूंच्या बोलण्याची तक्रार. म्हणजे दावा एवढाच की, ‘हा जो आळ माझ्यावर आहे, तो खोटा आहे.’ निष्पाप लिहिलं की ही सांगड तुटते आणि पुढचं वचन वाचणाऱ्याला कवी स्वतःचंच बोलणं खोडतोय असं वाटतं.

तिरकमठा

६४:३ मधल्या क्रियापदांकडे लक्ष द्या. पहिलं ‘शाननू’, धार लावली. मराठीत शस्त्र पाजळतात, हा शब्द उत्तम. फक्त ‘अक्कल पाजळणे’मुळं त्याला थट्टेचा वास लागलाय. ‘परजणे’ नको. परजणं म्हणजे शस्त्र उगारून, फिरवून दाखवणं. इथं दाखवणं नाहीच, सगळा मामला लपूनछपून.

दुसरं क्रियापद ‘दारखू’, शब्दशः ‘तुडवलं’. आता बाण कोण तुडवतं? तुडवतात धनुष्य. लाकूड वाकवून प्रत्यंचा चढवायची तर एक टोक जमिनीवर टेकवून पायाचा जोर द्यावा लागतो, म्हणून हिब्रूत ‘धनुष्य तुडवणे’ म्हणजे ते सज्ज करणे. कवीनं धनुष्य गाळून क्रियापद थेट बाणाला लावलं, आणि बाण कोणता, तर ‘दावार मार’, कडू शब्द. भाषांतरात ‘बाण तुडवले’ लिहिलं तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. ‘बाण जोडला’ किंवा ‘नेम धरला’ लिहा.

पुढची गंमत भाषांतरात हमखास सांडते. ‘योरूहू व-लो यीराऊ’: त्याच्यावर बाण सोडतात आणि भीत नाहीत. ‘योरू’ आणि ‘यीराऊ’ कानाला जवळजवळ एकच. आणि ‘पितओम’, म्हणजे अचानक, हा शब्द दोनदा येतो. चौथ्या वचनात ते अचानक बाण सोडतात, सातव्यात देव त्यांच्यावर अचानक बाण सोडतो. दोन्हीकडं ‘अचानक’ हाच शब्द ठेवा. एकीकडं ‘अकस्मात’ आणि दुसरीकडं ‘एकाएकी’ केलं की फेड दिसेनाशी होते.

आठव्या वचनाच्या पहिल्या अर्ध्यात मात्र जपून. ‘त्याला अडखळवलं, त्यांच्यावर त्यांची जीभ’ असे काहीसे तुकडे आहेत, व्याकरण नीट लागत नाही. बहुतेक भाषांतरकार ‘त्यांचीच जीभ त्यांच्यावर उलटली’ असं करतात. आशय तोच असावा, पण तो अंदाज आहे हे लक्षात ठेवून वापरा.

कोशवाचक

आता ‘निंदा’. माझं स्पष्ट मत, सगळीकडं निंदा लावणं हा आळस आहे. मराठीत निंदा खरीही असू शकते. ‘निंदकाचं घर असावं शेजारी’ म्हणताना तो निंदक उपयोगाचाच असतो! स्तोत्रांतले लोक उपयोगाचे नाहीत. ते मारायला बसलेत. हिब्रूत त्यांच्यासाठी निरनिराळे शब्द आहेत आणि मराठीचा साठाही त्या बाबतीत काही कमी नाही.

१५:३, ‘लो रागाल आल लशोनो’. ‘रागाल’च्या पोटात ‘रेगेल’, म्हणजे पाय. हेरालाही याच धातूवरून ‘मरागेल’ म्हणतात. जिभेनं घरोघर हिंडणारा, इकडचं तिकडं करणारा तो हा. चहाडखोर, कळलाव्या. लेवीय १९:१६ मधला ‘राखील’ याचाच भाऊबंद. त्याची नाळ ‘रोखेल’शी, म्हणजे गावोगाव माल विकणाऱ्याशी जोडतात. फेरीवाला, फक्त माल दुसऱ्याच्या घरातला.

१०१:५, ‘मलोशनी’. लाशोन म्हणजे जीभ, तिच्यावरूनच क्रियापद केलंय. जोडीला ‘बासेतेर’, गुपचूप. शेजाऱ्याविरुद्ध गुपचूप जीभ चालवणारा, म्हणून चुगलखोर.

३५:११, ‘एदे खामास’. ‘खामास’ म्हणजे जुलूम, अंगावर येणारी हिंसा. हे साक्षीदार न्यायसभेत उभे राहतात आणि कवीला ठाऊकही नसलेल्या गोष्टी विचारतात. इथं चहाडी म्हणणं फार सौम्य. कुभांड, बालंट, तोहमत यांपैकी काहीही घ्या.

५०:२०, ‘दोफी’. हा शब्द आख्ख्या हिब्रू बायबलात एकदाच येतो, तोही सख्ख्या भावाविषयी, ‘तुझ्या आईच्या मुलाविषयी’. संदर्भावरून ‘बट्टा’ किंवा ‘ठपका’. त्यापलीकडं ताणू नका.

४१:७, ‘यितलाखशू’, कुजबुजतात. हाच धातू सापाला मंत्र घालण्यासाठीही वापरतात. त्याच्या आदलं वचन तर डोळ्यांपुढं उभं राहतं. आजाऱ्याला बघायला आलेला माणूस खाटेजवळ बसून वरवरचं गोड बोलतो, मनात मसाला गोळा करतो, बाहेर पडला की ओततो.

प्रश्नकर्ता

साक्षीवर एवढा जोर का? सगळीकडं न्यायसभाच दिसते.

कोशवाचक

कारण निकाल लागायचा तो साक्षीवर. अनुवाद १९:१५ प्रमाणे एक साक्षीदार पुरत नाही, दोन किंवा तीन हवेत. म्हणजे दोन माणसं फितवता आली की काम झालं. १ राजे २१ मध्ये नाबोथाचं तसंच होतं. त्याच्या द्राक्षमळ्यासाठी दोन नालायक माणसं समोर बसवली जातात, ‘यानं देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले’ असं त्यांच्याकडून वदवलं जातं आणि नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार होतो. नियमानुसार साक्षीदार दोन, कार्यपद्धती बिनचूक. ९४:२० मध्ये ‘कायद्याच्या आडून उपद्रव रचणारं आसन’ म्हटलंय ते यालाच. पुढच्या वचनात ‘नाकी’ रक्ताला दोषी ठरवतात. खोट्या साक्षीदारावर उपाय अनुवाद १९:१९ मध्ये आहे: त्यानं दुसऱ्याचं जे करायचं योजलं, तेच त्याचं करावं. ६४ मधला बाणाला बाण हा हिशेब त्याच रीतीचा.

१९२८ मध्ये जर्मन अभ्यासक हान्स श्मिट यांनी मांडलं की अशी बरीच स्तोत्रं म्हणजे मंदिरात निवाड्याची वाट बघणाऱ्या आरोपीच्या प्रार्थना आहेत. सगळ्या स्तोत्रांना ते लागू होत नाही, पण स्तोत्र ७ किंवा ३५ वाचताना पटतं.

तळटीप

दुसरा एक पक्ष नोंदवून ठेवतो. नॉर्वेचे सिगमुंड मोविन्केल यांनी १९२१ मध्ये म्हटलं की ‘पोआले आवेन’, म्हणजे अनिष्ट करणारे, हे मुळात मंत्रतंत्र करणारे; त्यांची जीभ म्हणजे शापाचं हत्यार. मराठीत लगेच ‘करणी’ आणि ‘मूठ मारणे’ आठवतं. पण भाषांतरात ते घालू नये. मोविन्केल यांनी स्वतःच नंतर हा दावा सैल केला, आणि करणी म्हटलं की साक्षीदार, न्यायसभा, शेजारी सगळे चित्रातून बाहेर जातात.

‘विनाकारण वैरी’ यावरही थोडं. मूळ शब्द ‘खिन्नाम’ (३५:१९, ६९:४, १०९:३). गणना ११:५ मध्ये इस्राएल लोक मिसरात ‘खिन्नाम’ खाल्लेल्या माशांची आठवण काढतात, म्हणजे फुकट खाल्लेल्या. दाम न मोजता आणि कारण नसता, दोन्ही अर्थ एकाच शब्दात. मराठीत तो शब्द तयारच आहे! फुकट जेवण आणि फुकटचं वैर. ‘विनाकारण’ बरोबर आहे, ‘नाहक’ अधिक बरं, पण जोडी जुळते ती ‘फुकटचे वैरी’शी.

प्रश्नकर्ता

यहुदी लोक ‘लाशोन हारा’ म्हणतात, ते हेच का?

तळटीप

पूर्ण नाही. तो ठरीव शब्द बायबलनंतरच्या रब्बींचा, म्हणजे यहुदी धर्मपंडितांचा. ३४:१३ मध्ये ‘आपली जीभ वाईटापासून राख’ आहे, पण ती पारिभाषिक संज्ञा नव्हे. बाराव्या शतकात मायमोनिदीस या यहुदी पंडितानं फोड केली ती अशी: इकडचं तिकडं नेणारा ‘राखील’, खरं असूनही कुणाची नाचक्की करणारं बोलणं ‘लाशोन हारा’, आणि धादांत खोटं पसरवणं ‘मोत्सी शेम रा’, नाव खराब करणं. स्तोत्रांतली तक्रार मुख्यतः तिसऱ्याची. त्यामुळं स्तोत्र ६४ ला ‘लाशोन हारा’ हे लेबल लावलं की खऱ्याखोट्याचा मुद्दाच निसटतो.

ताल्मूद या रब्बींच्या ग्रंथात, अराखीन भागाच्या १५ब पानावर, या जिभेला ‘तिसरी जीभ’ म्हटलंय. ती तिघांना मारते: बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि ज्याच्याविषयी बोललं त्याला. स्तोत्रांवरच्या मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या जुन्या टीकेत, १२० व्या स्तोत्राशी विचारलंय की जिभेला बाणाचीच उपमा का? तलवार उपसली तरी दया आली तर म्यानात परत जाते. सुटलेला बाण परत येत नाही.

बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजामुळं हे शब्द मराठीच्या कानावरून फार पूर्वी गेलेत. जॉन विल्सन यांचं मराठीतून लिहिलेलं हिब्रू व्याकरण १८३२ चं आहे.

प्रश्नकर्ता

१२०:४ मध्ये बाणांबरोबर कुठल्याशा झाडाचे निखारे आहेत. ते का?

तिरकमठा

‘गाखाले रतामीम’. रोतेम हे नेगेव आणि सीनायच्या वाळवंटातलं पांढऱ्या फुलांचं काटक झुडूप. १ राजे १९ मध्ये एलिया हा संदेष्टा याच्याच खाली बसतो. त्याच्या लाकडाचा कोळसा फार वेळ धग धरतो. रब्बींनी त्यावर म्हटलं की इतर निखारे बाहेरून विझले की आतूनही विझतात, हे मात्र आतून जळतच राहतात. आपल्याकडं काडी लावतात, तिथं राखेखाली निखारा ठेवतात. झाडाला देशी नाव देऊ नका, ‘रोतेमचे निखारे’ ठेवा आणि एका ओळीची टीप द्या.

प्रश्नकर्ता

मग ६४:३-४ असं करतो, बघा: ‘त्यांनी जीभ तलवारीसारखी पाजळली, कडू शब्दाचा बाण जोडला, आडोशातून सरळमार्गी माणसावर सोडायला. अचानक सोडतात, भीत नाहीत.’

कोशवाचक

‘कडू’ सोडून सगळं ठीक. मराठीत कडू शब्द हितचिंतकही बोलतो. औषधासारखा कडू असतो तो. इथं बाणाच्या टोकाला विष आहे. १४०:३ बघा: ‘खमात अखशूव’ ओठांखाली. ‘खेमा’ म्हणजे धग, संताप आणि सापाचं विषही. ‘अखशूव’ हा सर्पवाचक शब्द बायबलात एवढा एकदाच. तिथं ‘गरळ’ घ्या आणि ६४:३ मध्ये ‘विखारी शब्द’.

तिरकमठा

विखारी मान्य. पण मग ‘शब्दाचा बाण’ मधला ‘चा’ काढा. हिब्रूत ‘खित्साम दावार मार’ एवढंच, मध्ये काही नाही. ‘बाण जोडला: विखारी शब्द.’

प्रश्नकर्ता

केलं.