बी आला तरी एपी घेऊ द्या

"एपीत बी येणार असेल तर साध्या वर्गातला ए काय वाईट?" हा तुमचा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्याही घरात रोज चालायचा. (एपी म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय; ए, बी या ग्रेड.) तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, तर आधी यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, हिशोब बघा. ते जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, दहावी-अकरावीच्या ग्रेडवरून काढतात. एपीतल्या बीला एक वाढीव गुण धरून ४ गुण, म्हणजे साध्या एइतकेच. पण हा वाढीव गुण जास्तीत जास्त ८ सेमिस्टरांना मिळतो, त्यातही दहावीच्या ४लाच. तेव्हा बारा-बारा एपी घेऊन त्या आकड्यात आणखी काहीच भर पडत नाही.

खासगी कॉलेजांत ट्रान्सक्रिप्टसोबत (मुलाच्या विषय-ग्रेडच्या पत्रकासोबत) शाळेचं प्रोफाइल जातं. शाळेत कोणते कठीण विषय होते आणि त्यातले मुलाने किती घेतले, हे त्यावरून ताडून बघतात. शाळेत पाचच एपी असतील तर शेजारच्या गावातल्या वीस एपींशी तुलना करून जीव जाळू नका.

आमच्या लेकीने अकरावीत एकदम पाच घेतले. एका रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले, तर पोर केमिस्ट्रीच्या वहीवर डोकं टेकून झोपलेली, पेनाची शाई गालाला लागलेली. फार गलबललं मला. दुसऱ्याच दिवशी काउन्सेलरशी बोलून एक विषय सोडवला. बाकीच्या चारांत ती खरंच रमली.

आणि हो, बारावीत हलके विषय घेऊन सुटका करून घेऊ देऊ नका. पहिल्या सेमिस्टरचे ग्रेडही बरीच कॉलेजं मागवतात.