मॅचच्या संध्याकाळी सगळे हॉलमध्ये आणि मी ओट्यापाशी, काय करावं?

पावसाळी_घर

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं सिॲटलजवळ रेडमंडला राहतो, लग्नाला फार दिवस नाही झालेत, दोघांचीही नोकरी. नवऱ्याला इथे आल्यापासून बेसबॉलचं वेड लागलं आणि बघता बघता मलाही लागलं. आधी वाटायचं क्रिकेटसारखंच असेल, मग हळूहळू कळत गेलं की बॉल आत मारला की पळावंच लागतं, चार बॉल बाहेर गेले की फुकटात पहिला बेस मिळतो, तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले चांगले बॉल) झाले की आउट, पण दोन स्ट्राइक झाल्यावर नुसता फाऊल, म्हणजे रेषेबाहेर फटका गेला तर बॅटर आउट होत नाही, परत बॉल टाकायचा, आणि मग एकेक बॅटर फाऊल मारत मारत पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला असा दमवतो ना, ते बघायला मला जाम आवडतं.

तर अडचण अशी की आमच्याकडे मॅच बघायला मंडळी जमतात. नवऱ्याच्या ऑफिसमधलं एक अमेरिकन जोडपं (त्यातली बायको लहानपणी वडिलांबरोबर किंगडोममध्ये, म्हणजे सिॲटलच्या जुन्या स्टेडियममध्ये मॅच बघायला जायची, अजूनही वहीत स्कोअर लिहिते), एक तेलुगू मित्र आणि आमच्याच बिल्डिंगमधली कोल्हापूरची मैत्रीण. सगळे अगदी घरचे झालेत. पण माझ्या डोक्यात आईचं बसलेलं आहे की माणसं जेवायला येणार म्हणजे पोळ्या, दोन भाज्या, कोशिंबीर, भात, काहीतरी गोड. नवरा भाज्या चिरून देतो, भांडी घासतो, तक्रार काही नाही, पण मग दोघंही आतच राहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या सिॲटल मरिनर्सची डेट्रॉइटविरुद्धची ती पाचवी, निर्णायक मॅच, नेहमीच्या नऊऐवजी १५ इनिंग्ज, जवळजवळ पाच तास चाललेली, लोकांना परत भूक लागली म्हणून मी दुसऱ्यांदा भात लावत होते आणि बाहेर एकदम आरडाओरडा, आमच्या पोलांकोच्या एका फटक्यावर ३-२ ने जिंकलो आणि मी तो फटका रिप्लेमध्ये बघितला. फार वाईट वाटलं.

पिझ्झा मागव असं कृपया सांगू नका, मला करून वाढायला मनापासून आवडतं. मला विचारायचंय ते हे की आठवड्याच्या मधल्या दिवशी ६:४० ला मॅच सुरू होते, ऑफिसातून आल्यावर असं काय करू की मॅचपण बघता येईल? स्टेडियमला घरचं नेता येतं का आणि काय न्यावं? आणि त्या अमेरिकन मैत्रिणीच्या नवऱ्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आपल्या अर्ध्या स्वयंपाकात कूट, तिथे काय करता?

ओटा_ते_आउटफील्ड

अगं मी पण इथलीच, बॉथेलला असते. सगळ्यात आधी एक गोष्ट, बेसबॉलला वर्ल्ड कपची फायनल असल्यासारखं धरू नकोस. सीझनला १६२ मॅचेस असतात, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जवळजवळ रोज एक. आज हरले तर उद्या परत आहेच. हे रोजचं आहे, मग जेवणही रोजचंच ठेव. तुमची मंडळी घरची झालीत असं तूच लिहिलंयस, घरच्या माणसांना मंगळवारी पंचपक्वान्नं लागत नाहीत गं, पिठलं-भात आणि लसणाची चटणी ठेवलीस तरी आवडीने खातील. आमच्याकडे एक अमेरिकन शेजारी पिठल्यासाठी विचारून येतो.

दुसरं म्हणजे मॅचमध्येच स्वयंपाकाला जागा आहे. दर अर्ध्या इनिंगनंतर, म्हणजे एका टीमची बॅटिंग संपली की, दोन-अडीच मिनिटांचा ब्रेक असतो. नऊ इनिंग्ज म्हणजे असे सोळा-सतरा ब्रेक झाले, शिवाय पिचर बदलतात तेव्हाचा वेळ वेगळा. एका ब्रेकमध्ये फोडणी होते, एकात पाव भाजून होतात. पण एकेक करून तव्यावरून गरम वाढायचं काही ठेवू नकोस, थालीपीठ, घावन, डोसे हे सगळं बाद, कारण कोणीतरी एक माणूस तव्यापाशी अडकतोच. २०२३ पासून पिच क्लॉक आलंय, पिचरला पंधरा सेकंदांत बॉल टाकावा लागतो, बेसवर माणूस असेल तर थोडी जास्त. त्यामुळे २०२२ पर्यंत सरासरी तीन तासांच्या वर जाणारी मॅच आता दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास संपते. म्हणजे पूर्वीसारखं "जरा आत जाऊन येते" म्हणून चालत नाही, एक इनिंग कधी निघून जाते कळत नाही.

मी काय करते सांगते. रविवारी मटकी भिजत घालायची, मंगळवारी मोड तयार. सोमवारी रात्री कांदा-खोबऱ्याचं वाटण करून फ्रीजमध्ये. मंगळवारी आल्यावर अर्ध्या तासात मिसळीचा कट उकळतो, तो मंद गॅसवर ठेवायचा, बाजूला फरसाण, चिरलेला कांदा, लिंबू, पाव, आणि ज्याने त्याने आपापलं घ्यायचं. पावभाजीचंही तसंच, आणि ती दुसऱ्या तासाला अजून चांगली लागते. आणि ओट्यावर एक छोटा रेडिओ ठेव, ७१० एएमवर मरिनर्सची कॉमेंट्री असते. स्ट्रीमिंग काही सेकंद मागे असतं त्यामुळे रेडिओवर फटका आधी ऐकू येतो आणि हातातला झारा टाकून हॉलमध्ये पळत येऊन तोच फटका टीव्हीवर बघता येतो, मी कितीदा तरी केलंय! इथे रेडिओची परंपराच मोठी आहे. डेव्ह नीहाउस १९७७ पासून २०१० मध्ये वारले तोपर्यंत मरिनर्सचा आवाज होते, आणि ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर माणसं असताना थेट मैदानाबाहेर मारलेला फटका) झाला की ते आजीला हाक मारून राय ब्रेड आणि मोहरी काढायला सांगायचे. जुनी सिॲटलची माणसं अजून ती हाक जशीच्या तशी म्हणून दाखवतात. तुझ्या मैत्रिणीला विचार, तिला नक्की येत असणार.

तिसरा_बेस

मी टोरांटोचा, म्हणजे तुमच्या मरिनर्सना हरवणाऱ्या ब्लू जेजचा, त्यामुळे तुम्ही मला दारात उभं करणार नाही बहुतेक 😄 पण गेल्या वर्षीचं सांगतोच. आपली सातवी मॅच, जिंकणारा वर्ल्ड सिरीजला म्हणजे अंतिम मालिकेला जाणार अशी, २० ऑक्टोबरला होती, ऐन दिवाळीत. बायकोने आणि मी मिळून आठवडाभर फराळ केला होता, चकल्या, शंकरपाळे, पातळ पोह्यांचा चिवडा, आणि आमची सगळी गँग, त्यात दोन कॅनेडियन मुलं, पणत्या लावून मग टीव्हीसमोर बसली. सातव्या इनिंगला आमच्या स्प्रिंगरने तीन रनांचा होमर (क्रिकेटच्या सिक्ससारखा) मारला आणि ४-३ झालं, तेव्हा घरात जे काही झालं ते शब्दांत नाही सांगता येत. तुमच्याबद्दल वाईटही वाटलं हो, तुमच्या कॅल रॅलीने सीझनमध्ये ६० होमर मारलेले, कॅचरने (बॅटरमागे बॉल झेलणाऱ्याने) असं आधी कधी कोणी केलं नव्हतं, आणि मरिनर्स आजवर वर्ल्ड सिरीजला पोचलेच नाहीत. तेवढ्यासाठी तरी त्यांना जायला हवं होतं असं माझी बायको अजून म्हणते.

मुद्दा असा की फराळ हा मॅचसाठी सगळ्यात उत्तम प्रकार आहे, तो दिवाळीपुरता का ठेवायचा? महिन्यातून एका रविवारी दोघांनी मिळून चिवडा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या करून डबे भरून ठेवायचे, कोणी आलं की डबा उघडायचा, बस. आणि लांबलेल्या मॅचसाठी वेगळा बंदोबस्त हवा. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सविरुद्ध तिसरी मॅच १८ इनिंग्ज गेली, साडेसहा तासांच्या वर, आमच्याकडे रात्रीचे जवळजवळ तीन वाजले फ्रीमनचा होमर बघायला (आम्ही हरलो, असो). बाराच्या पुढे कोणाला तिखट-तेलकट नको असतं. त्या रात्री मी मऊभात लावला, वर तूप, मेतकूट, लिंबाचं लोणचं, आणि सोफ्यावर वाडगे हातात घेऊन सगळे खात बसले, त्यातल्या एका कॅनेडियन मुलाने मेतकूट कुठे मिळतं ते दुसऱ्या दिवशी मेसेज करून विचारलं. म्हणून सांगतो, नवव्या इनिंगला स्कोअर बरोबरीत दिसला की तांदूळ धुवून कुकरला लावा, पुढचा ब्रेक येईपर्यंत शिट्ट्या होतात.

नवऱ्याचं म्हणाल तर एक पद्धत सुचवतो. विषम इनिंग्जना तो आत ओट्याचं बघणार, सम इनिंग्जना तुम्ही, आणि सातवीनंतर दोघंही बाहेर, काही झालं तरी आत जायचं नाही. आमच्या घरी हेच चालतं आणि मजा येते.

पावसाळी_घर

किती छान लिहिलंत दोघांनी! दिवाळीची ती मॅच आम्हीपण फराळ खातच बघितली, इथे पाच वाजताच सुरू झालेली. सम-विषमची आयडिया नवऱ्याला वाचून दाखवली, त्याने लगेच फ्रीजवर लिहून लावली. मऊभात पण पक्का. स्टेडियम आणि शेंगदाण्याचं राहिलं तेवढं सांगा ना कोणीतरी.

कुटाशिवाय

माझ्या मुलालाच शेंगदाण्याची ॲलर्जी आहे म्हणून हे मी उत्तर देते. नुसतं कूट न घालणं पुरत नाही. ज्या मिक्सरच्या भांड्यात कूट करतेस त्यात त्याच्यासाठी चटणी वाटायची नाही, पळी-कालथा वेगळा ठेवायचा, शेंगदाणा तेल वापरत असशील तर त्या दिवशी दुसरं तेल, आणि बाजारच्या फरसाणाच्या पाकिटावर मागे काय लिहिलंय ते दरवेळी वाचायचं, कारण त्याच कारखान्यात दाणे असतात. वरची मिसळ करणार असशील तर मला वाटतं त्याच्यासाठी फरसाणाऐवजी घरची शेव पाड. कोशिंबिरीला कुटाऐवजी ओलं खोबरं, चिवड्यात दाण्यांऐवजी खोबऱ्याचे काप आणि मनुका छान लागतात. डाळं आणि तीळही चालतील, पण काहींना त्याचाही त्रास होतो, तेव्हा आधी त्यालाच फोन करून विचार. विचारलेलं त्यांना आवडतं, आपली कोणी काळजी करतंय हे कळतं. आणि त्याचं औषधाचं इंजेक्शन बरोबर आहे ना तेही विचारून ठेव.

आता स्टेडियम. टी-मोबाइल पार्कमध्ये, म्हणजे मरिनर्सच्या स्टेडियममध्ये घरचं खाणं नेता येतं, सीलबंद पाण्याची बाटलीही. पिशवी पारदर्शक लागते आणि मापाचे नियम बदलत असतात ते निघायच्या आधी क्लबच्या साइटवर बघ. माणशी एकेक पुडकं करून ने, मोठा डबा सगळ्यांत फिरवायचा नाही. मी पोळीत बटाट्याची कोरडी भाजी घालून घट्ट गुंडाळी करते आणि फॉइलमध्ये बांधते, किंवा मेथीचे धपाटे आणि लिंबाचं गोड लोणचं. रस्सा नको, दही नको, मांडीवर सांडतं आणि नेमका तेव्हाच सगळे उठून उभे राहतात. तिथे छत सरकतं पण बाजू उघड्याच आहेत, पाऊस लागत नाही पण गारठा लागतो, मेमध्ये सुद्धा जॅकेट आणि डोक्याला काहीतरी घे. गाडी नेऊ नकोस, लाइट रेल्वेचं स्टेडियम स्टेशन चालत जवळ आहे.

आणि एक, बेसबॉल आणि सालासकट भाजलेल्या शेंगा हे इथलं जुनं समीकरण आहे, लोक शेंगा फोडून टरफलं पायाखाली टाकतात. त्या मित्राला नेणार असाल तर तिकीट काढायच्या आधी क्लबला फोन करून कुठल्या बाजूला बसावं ते विचारा. त्याची बायको स्कोअर लिहिते म्हणालीस ना, तिच्या शेजारी बसून तेवढं शिकून घेच. खेळाडूंना जागेप्रमाणे आकडे असतात, पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग आउटफील्डमधले, म्हणजे लांबचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्या बेसला फेकून दोघांना आउट केलं की ६-४-३ लिहायचं. स्ट्राइक आउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर आउट झाला की इंग्रजी के, आणि बॅट न हलवता आउट झाला तर तोच के उलटा. एक मॅच लिहिलीस की नजर आपोआप फील्डरांकडे जायला लागते, आणि मला तर खरी मजा तिथेच वाटते. पेन्सिल ने, पेन नको, खोडावं लागतं.