आयर्नमंगर, हॅबरडॅशर, स्नग… मराठीत काय लिहू?

जुना लीड्सकर
मंडळी, जरा मदत हवी आहे. १९७४ ला इंग्लंडात लीड्सला आलो तेव्हाच्या आठवणी नातवंडांसाठी मराठीत लिहितोय, गाडी सारखी शब्दांवर अडतेय. लीड्स शहर आहे पण मधल्या भागात जायचं तर इथले लोक अजून ‘टाउन’लाच जातात. तिथे मुख्य रस्ता ब्रिगेट. पहिल्या आठवड्यात मी गेट शोधत फिरलो होतो, नंतर कळलं की ब्रिग म्हणजे पूल आणि गेट हा जुन्या नॉर्स भाषेतला रस्ता, म्हणजे पुलाचा रस्ता, बस्स. तर शब्द असे: आयर्नमंगर (तपकिरी कोट घातलेला म्हातारा खिळे पौंडावर तोलून कागदात बांधून द्यायचा, दुकानभर रॉकेलचा वास), हॅबरडॅशर, आणि पबमधली स्नग. हॅबरडॅशरकडे भिंतभर लाकडी खण, आणि आत कुठलं बटण आहे ते कळावं म्हणून प्रत्येक खणाच्या तोंडावर त्यातलं एक बटण शिवून लावलेलं. ‘शिवणसाहित्य विक्रेता’ लिहिलं तर बायको म्हणाली हे टेंडर वाटतंय.

मिरजकरीण
काका, अहो सोप्पंय, कटलरीचं दुकान! बटणं, रिबिनी, लेस, सुया, फॉल, सगळं कटलरीतच मिळतं की आपल्याकडे. आणि आयर्नमंगर म्हणजे बोहऱ्याचं दुकान. आमच्याकडे चालवणारा कुणीही असो, कडीकोयंडा आणायला बोहऱ्याकडेच पाठवायचे.

जुना लीड्सकर
ताई, कटलरी वाचून चहा सांडला! इथून तासाभरावर शेफील्ड आहे, सुऱ्या-काट्यांचं गाव, त्या कटलरीच्या दुकानात टिकल्या आणि बांगड्या मिळतात हे कुणाला सांगून पटायचं नाही. पण शब्द चपखल आहे, घेतला. उलटा प्रवासही झालाय बरं का. मार्क्स अँड स्पेन्सरवाल्या मायकल मार्क्सने १८८४ मध्ये इथल्याच कर्कगेट मार्केटात ठेला टाकला, पुढे त्याचा ‘पेनी बझार’ झाला, भाव विचारू नका, एक पेनी. म्हणजे आपला हर माल! बाजार इकडे आला नि कटलरी तिकडे गेली, फिट्टंफाट.

शब्दखोर
स्नग म्हणजे नक्की काय? ऊबदार कोपरा वगैरे?

जुना लीड्सकर
कोपरा नाही, खोलीच, पण जेमतेम चार-पाच माणसं मावतील एवढी. दाराला धुरकट काच, बाहेरून कोण बसलंय दिसू नये म्हणून, आणि बारकडे उघडणारी छोटी खिडकी, त्यातून ग्लास आत यायचा. बायका, पाद्री, ड्यूटीवरचा पोलीस, ज्यांना चारचौघांत पिताना दिसायचं नसे ते तिथे बसत. बाकीचे टॅपरूममध्ये, खाली लिनोलियम, डॉमिनो, डार्ट. लाउंजमध्ये गालिचा असायचा म्हणून तीच बिअर एखाद-दोन पेनीने महाग.

मिरजकरीण
मग फॅमिली रूम!! पडदा सोडलेली. तेच काम, फक्त आत स्टाउट बिअरऐवजी मिसळ.

नांदेडकर
आता पबला गुत्ता म्हणू नका म्हणजे झालं.

जुना लीड्सकर
नाही हो, गुत्त्यात कुणी पोरासोरांना घेऊन रविवारचं जेवायला जात नाही. पब पबच राहू दे. पण तो चालवणाऱ्याला इथे लँडलॉर्ड म्हणतात, मी ‘घरमालक’ लिहून बसलोय आणि ते साफ चुकलंय, कारण बऱ्याच ठिकाणी इमारत बिअर कंपनीची असायची. लीड्समध्ये टेटलीची. हा भाड्याने चालवणार, वर राहणार, आणि बिअर त्यांचीच विकणार.

नांदेडकर
थांबा थांबा, मग मघाचं वाक्य मागे घेतो. आमच्या मराठवाड्यात गुत्ता म्हणजे मुळात ठेका, कंत्राट. रस्त्याचं काम घेतो तोही गुत्तेदारच. कन्नडमध्ये गुत्तिगे, तेलुगूतही गुत्ता. दारूविक्रीचा ठेका घेतलेली जागा म्हणून दारूचा गुत्ता, वाईट वास नंतर चिकटला. तुमचा लँडलॉर्ड कंपनीकडून ठेका घेऊन बसलेला ना? मग तो अस्सल गुत्तेदार.

शब्दखोर
+१. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मात्र तळटीप द्यावी लागेल.

जुना लीड्सकर
देतो तळटीप. आता शेवटचं, यार्ड. ब्रिगेटला लागून दोन दुकानांच्या फटीतून आत गेलं की पब लागतो, व्हाइटलॉक्स तसाच, टर्क्स हेड यार्डात, १७१५ पासून तिथे पब आहे. १२०७ ला गावाला सनद मिळाली तेव्हा रस्त्यालगत अरुंद नि लांबच लांब प्लॉट पाडले होते, त्याच मापात हे यार्ड अडकलेत. अंगण म्हणावं तर झाड नाही, ऊन नाही.

मिरजकरीण
बोळ. काका, बोळच लिहा.

जुना लीड्सकर
बोळ ठेवला होता ‘गिनल’साठी, दोन घरांमधली वाट. आता तिला काय म्हणू?