ढालकिडा, सोनकिडा की कासवभुंगेरा?

प्रश्न (घणसोली): आमच्याकडे नाल्याच्या कडेला बेशरमाची झुडपं माजलीत. पानांवर एक चपटा, सोनेरी किडा बसलेला असतो, कडा अगदी आरपार दिसतात. आई त्याला सोनकिडा म्हणते, शेजारचे काका ढालकिडा. नेमकं काय म्हणायचं?

उत्तर (कळवा): माझ्या मते दोन्ही नकोत. ढालकिडा म्हणजे मावा खाणारा, ठिपक्यांचा लेडीबर्ड. शेतकऱ्याचा मित्र तो. तुमचा किडा पानं खातो. दोघांना एकच नाव दिलं तर फवारणीच्या वेळी मित्रच मारला जातो, म्हणून मी याबाबत हट्टी आहे. सोनकिडा लांबट असतो आणि मेल्यावरही त्याची झळाळी जात नाही. त्याच्या पंखांनी भरतकाम सजवायचे ते त्यामुळेच. तुमच्या किड्याचं सोनं मात्र कवचाच्या पातळ थरांतल्या ओलाव्यावर टिकतं. किडा मेला, सुकला की रंग उतरतो. तेव्हा फोटो काढायचा तर जिवंतपणीच काढा.

कासवभुंगेरा म्हणा. वरून पाहिलं तर डोकं दिसतच नाही, छातीवरच्या ढालीखाली असतं. पंखांच्या कडाही पसरट. मुंगी आली की तो पानाला घट्ट चिकटतो, तिला पाय धरायला मिळत नाही. पानं उलटून अळीही बघा: कडेने काटे, आणि शेपटीच्या दुबेळक्यावर स्वतःची कात नि विष्ठा साठवून ती पाठीवर धरते. कोणी डिवचलं की तेच पुढे करते.

प्रश्न (घणसोली): मग या सगळ्या गटालाच कासवभुंगेरे म्हणायचं का?

उत्तर (येऊर): नको, तिथे अडचण आहे. पानभुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुळात कॅसिडिनी हे उपकुळ, ६ हजारांहून अधिक जातींचं. भातावरचा काटेरी हिस्पाही त्यातच येतो. पूर्वी हिस्पिनी हे उपकुळ वेगळं धरत, आता दोन्ही एकत्र केलीत. हिस्पाच्या पाठीवर उभे काटे, आणि त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला गर खाते. त्याला कासव कोण म्हणेल? गटाला कॅसिडिनीच म्हणावं, कासवभुंगेरा हे नाव चपट्यांपुरतं ठेवावं.

कळवा: पटलं. रताळ्याच्या आणि नाळीच्या पानांवर गोल भोकं दिसली तर तिथेही शोधा. बेशरम, रताळं, नाळी ही एकाच कुळातली झाडं, आणि हे भुंगेरे त्या कुळावर फार असतात.